मुदत संपली, भाडेकरू हलत नाहीत; ॲपवरून दाराचा कोड बदलू का?

प्रश्न : मी ६८ वर्षांचा निवृत्त गृहस्थ. कोथरूडमधला फ्लॅट एका दाम्पत्याला ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिला होता. करार ऑनलाइन नोंदवलेला आहे. भाडं २४,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००. मुदत ३१ मार्चला संपली, आता जून उजाडला. 'दुसरं घर मिळालं नाही' म्हणत ते तिथेच आहेत आणि दर महिन्याला जुनंच भाडं माझ्या खात्यात टाकतात. मुख्य दाराला मी स्मार्ट लॉक, म्हणजे कोडने किंवा बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप, बसवलेलं आहे. मास्टर कोड त्यांच्याकडे आहे, ॲप माझ्या मोबाइलवर. अमेरिकेतला मुलगा म्हणतो, 'बाबा, ते बाहेर पडले की कोड बदला, ठसे उडवा, विषय संपला.' करारातही लिहिलंय की मुदतीनंतर कोर्टात न जाता त्यांना सामानासह बाहेर काढता येईल. शिवाय ॲपमध्ये आठ बोटांचे ठसे दिसतात. पोटभाडेकरू ठेवला असावा. काय करू?

उत्तर : कोड बदलू नका. आज नाही, ते गावाला गेल्यावर नाही, आणि मुलाला तिकडून बदलायला लावूनही नाही.

घर तुमचं, कुलूप तुमचं, मुदतही संपलेली. तुमचा राग मला समजतो. पण दार कोणाचं यापेक्षा त्या दाराआड आज राहतंय कोण, हे कायदा आधी पाहतो. त्यांना तिथे राहण्याचा हक्क उरलेला नाही हे खरं. तरीही त्यांना बाहेर काढण्याचं काम तुमचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली कृष्ण राम महाले विरुद्ध शोभा व्यंकट राव या निकालात हेच सांगितलं आहे : स्थिरावलेला ताबा असलेल्या माणसाला, त्याला तिथे राहण्याचा हक्क नसला तरी, कायद्याच्या मार्गानेच काढता येतं. पूर्वी चिडलेला घरमालक दारावर नवटाल कुलूप ठोकायचा. तुम्ही सोफ्यावर बसून मोबाइलवर बोट दाबणार, एवढाच फरक. पोलीस ठाण्यात दोन्हींचं वर्णन एकाच वाक्यात होतं : 'घरमालकाने आम्हाला घरात जाऊ दिलं नाही.'

आणि ते वाक्य महागात पडू शकतं. ज्या दिशेने जायचा हक्क आहे तिथे माणसाला अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हक्क उरला नव्हता असा युक्तिवाद तुमचा वकील करेलही, पण तो तारखा मोजत करावा लागेल. त्यांच्या मागे तुम्ही घरात शिरलात तर गृहअतिक्रमणाची तक्रार वेगळी. सगळ्यात वाईट म्हणजे विशिष्ट साहाय्य अधिनियमाचं कलम ६. ज्याचा ताबा बेकायदा काढून घेतला गेला तो माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्न निघत नाही, आणि निकालावर अपीलही नाही. म्हणजे ज्यांना बाहेर काढायचं त्यांनाच कोर्टाच्या हुकमाने घरात बसवून यायची पाळी तुमच्यावर. शिवाय आत त्यांचं कपाट, दागिने, मुलांची दप्तरं. उद्या एक बांगडी सापडली नाही, तर ती कुठे गेली हे तुम्ही सांगत बसायचं.

करारातलं ते कलम मी रोज पाहतो. ऑनलाइन नोंदणीच्या ठरावीक मसुद्यात ते छापूनच येतं, त्यामुळे वाचून कोणालाही वाटतं की सरकारनेच मुभा दिली. पण दोन माणसांनी आपसात सही करून कायदा हातात घेण्याचा परवाना निर्माण होत नाही. त्या ओळीच्या भरवशावर पाऊल उचलू नका. मुलाला हेही सांगा की तो राहतो त्या देशातही बहुतेक राज्यांत घरमालकाने असं कुलूप बदलणं बेकायदा आहे.

आता कुलपाबद्दल एक गोष्ट, जी तुमच्या लक्षात आली नसेल. ही कुलपं सेलवर चालतात. समजा, पुढच्या आठवड्यात सेल उतरले आणि ती बाई रात्री दहा वाजता मुलांना घेऊन दाराबाहेर अडकली. ॲप तुमच्याकडे असल्यामुळे ते तुम्हीच केलं असं ती म्हणेल, आणि मला तिचं म्हणणं अगदीच अविश्वसनीय वाटणार नाही. म्हणून आजच त्यांना लेखी कळवा : कोड, ठसे यात मी काहीही बदल केलेला नाही आणि करणार नाही, सेल बदलून घ्या, साधी किल्ली तुमच्याकडे आहे ना ते पाहा. बहुतेक कुलपांना बाहेरच्या बाजूला नऊ व्होल्टचा सेल टेकवायची किंवा टाइप-सी केबल लावायची सोय असते. तुमच्या कुलपाला असेल तर तीही कळवा. किल्ल्यांचा सगळा जुडगा तुमच्याच कपाटात असेल तर एक त्यांना देऊन पोच घ्या. शत्रूला किल्ली देतोय असं वाटेल. खरं तर तुम्ही स्वतःचा बचाव तयार करताय.

आठ ठशांचं काय? सोडून द्या. एका माणसाचे चार बोटांचे ठसे असू शकतात. कामवाली, आई, मेव्हणा, कोणीही असेल. आणि मुख्य म्हणजे तुम्हाला पोटभाडेकरू सिद्ध करायची गरजच नाही. मुदत संपली, एवढं पुरेसं आहे. मुद्दा जिंकलेला असताना माणसं दुसरा मुद्दा उकरून काढतात आणि साक्षीपुराव्यात अडकतात, हे मी बरंच पाहिलंय. ॲपमधली नोंद कधी पुराव्यात द्यायचीच झाली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. नुसता स्क्रीनशॉट चालत नाही. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. त्या घरातली बाई किती वाजता आली-गेली हे तुम्ही दोन महिने पाहत होतात असं तुमच्याच नोटिशीतून बाहेर आलं, तर भांडण घराचं राहत नाही. तो इतिहास उघडून पाहणं बंद करा. फक्त तुम्ही कोड बदलला नाही हे दाखवण्यापुरता तो जपून ठेवा, पुसू नका.

मग रस्ता कोणता? तुमच्या हातात एक चांगलं पान आहे, नोंदवलेला करार. बारा महिन्यांच्या आतला करार नोंदवावा लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि ती जबाबदारी घरमालकाची. ती तुम्ही पाळलीत. आता त्याच कायद्याचं कलम २४ वापरा. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्या लायसन्सीविरुद्ध (लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याविरुद्ध) सक्षम प्राधिकाऱ्यांकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे, अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याला प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. नाही मागितली तर तुमचं म्हणणं मान्य धरलं जातं. आदेश होऊनही तो हलला नाही तर बळ वापरून ताबा घेण्याचा अधिकार प्राधिकाऱ्यांना आहे. तुम्हाला नसलेला तो अधिकार तिथे आहे. यात महिने जातात, हे लपवत नाही. पण दिवाणी दाव्याच्या मानाने ही वाट पुष्कळ जवळची.

कलम २४ मध्ये दुसरी धार आहे : मुदत संपल्या दिवसापासून ताबा मिळेपर्यंत भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई. म्हणजे तुमच्या बाबतीत महिन्याला ४८,०००. एप्रिल-मेचे ९६,००० झाले, खात्यात ४८,००० आले, बाकी ४८,०००. नोटिशीत हा हिशोब आकड्यांत मांडा. पुष्कळदा 'दुसरं घर' याच परिच्छेदानंतर सापडतं. मात्र येणारे २४,००० गुपचूप ठेवून घेऊ नका, नाहीतर 'भाडं घेतलं म्हणजे मुदत वाढवली' असं ते म्हणतील. रक्कम केवळ नुकसानभरपाईपोटी, हक्क राखून स्वीकारत आहे, असं प्रत्येक वेळी लेखी कळवा. वीज-पाणी तोडणं वगैरे डोक्यातही आणू नका.

नोटीस वकिलामार्फत, पोचपावतीसह पाठवा. पंधरा दिवसांची मुदत द्या. अर्जाला करार, इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा उतारा), मालकीचा पुरावा, नोटीस, बँकेचा उतारा लागेल. तोपर्यंत तडजोडीचं दार उघडं ठेवा. जुलैअखेर जागा सोडली तर दुप्पट रकमेत काही सूट, असं लेखी ठरलं तर माझ्या मते ते घ्यावं. ६८ व्या वर्षी तारखांना उभं राहण्यापेक्षा वीस-पंचवीस हजार सोडलेले बरे.

ताबा घ्यायच्या दिवशी डिपॉझिटचा हिशोब, किल्ल्या आणि कुलूप हे एकाच बैठकीत उरका. त्यांच्यासमोर सगळे कोड आणि ठसे काढून कुलूप फॅक्टरी रीसेट करा, रिकामं घर व्हिडिओत घ्या, ताबा-पावतीवर दोघांच्या सह्या घ्या. पावतीत 'कोड व ठसे रद्द केले' हे शब्द असू द्या.

आणि पुढच्या भाडेकरूच्या आधी ते कुलूप बदलायचा विचार करा. भाड्याच्या घराला वायफायवरून दुरून चालणारं कुलूप मला नको वाटतं; दारापाशी उभं राहूनच कोड बदलता येतो असं, साध्या किल्लीनेही उघडणारं आणि आतून नुसत्या मुठीने केव्हाही उघडणारं घ्या. विकत घेण्याआधी दाराची जाडी मोजा, कारण मॉर्टिस प्रकाराला (दाराच्या जाडीत खाच पाडून बसवतात त्या कुलपाला) कंपनी किमान जाडी सांगते आणि आपल्या इमारतींतली काही दारं तेवढी नसतात. करारात एक कलम घाला : मुदतीत मास्टर कोड भाडेकरूकडे राहील, एक किल्ली सीलबंद पाकिटात मालकाकडे, आणि ती आग-पाण्याच्या अडचणीतच, त्यांना फोन करून वापरली जाईल.

पण ते नंतर. आज संध्याकाळी सेल आणि किल्लीबद्दलचा तो निरोप पाठवा, आणि मुलाच्या मोबाइलवरही ते ॲप असेल तर तिथून काढून टाकायला सांगा.