जुन्या फ्रेंच कपाटावरची काळवंडलेली सोनेरी नक्षी घासून चकचकीत करावी का?

कृपा करून घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो, काहीही नको.

पॅरिसच्या लिलावात घेतलेलं कपाट फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या काळातलं, म्हणजे अठराव्या शतकाच्या शेवटाकडचं आहे, असं विकणाऱ्याने सांगितलं आणि त्यावरचं ब्रॉन्झ काळपट दिसतंय, असं तुम्ही लिहिलंय. मी लंडनमध्ये जुनं लाकडी सामान दुरुस्त करतो. घासून बिघडवलेली नक्षी माझ्याकडे येते तेव्हा फार वाईट वाटतं, कारण गेलेला मूळ मुलामा परत आणता येत नाही.

देवघरातली समई घासली की उजळते, कारण ती आतून-बाहेरून पितळच असते. या नक्षीला ब्रॉन्झ म्हणत असले तरी धातू बहुतेकदा तांबं-जस्ताचा, पितळेच्याच जवळचा. पण त्यावर सोन्याचा पातळ थर असतो. सोनं काळं पडत नाही. काळी दिसते ती वर बसलेली धूळ, मेण आणि धूर. घासताना मळाबरोबर सोनंही जातं. मग खालचा धातू उघडा पडतो आणि तो मात्र खरोखरच काळा पडतो.

हा थर चढवायचा म्हणजे सोनं पाऱ्यात मिसळून त्याचा लेप द्यायचा आणि तापवून पारा उडवायचा. त्या वाफेने कारागिरांचे हात कायमचे थरथरू लागत. शिवाय सगळी नक्षी सारखी चमकवत नसत. पानाची कड अकीकाने घोटून लखलखीत करायची आणि शेजारचा भाग मखमलीसारखा मंद ठेवायचा, यात अठराव्या शतकातला पॅरिसचा मुलामा-कारागीर पिएर गुतिएर याचा हात कुणी धरला नाही. पंधराव्या लुई राजाची प्रेयसी मादाम द्यु बारी हिच्यासाठी एवढं काम केलेला हा माणूस 1813 मध्ये गरिबीत वारला. तेव्हा तुम्हाला जे निस्तेज वाटतंय, त्यातलं काही मुद्दाम तसं ठेवलेलं असू शकतं.

आता अस्सलपणाचं. पॅरिसमध्ये लाकूडकाम कारागिरांच्या एका संघाचं आणि धातूचं ओतकाम, मुलामा दुसऱ्यांचं, म्हणून दोन्ही वेगवेगळं तपासायचं. कपाटावरच्या संगमरवरी फळीखाली, कोपऱ्यातल्या खांबांच्या माथ्यावर कारागिराच्या नावाचा ठसा शोधा. साधारण 1751 पासून तो सक्तीचा होता, पण राजदरबारच्या कारागिरांना सूट असे आणि खोटे ठसेही मारले जातात. मी जास्त विश्वास नक्षीच्या पाठीवर ठेवतो. पाऱ्याचा मुलामा दर्शनी बाजूलाच द्यायचे, त्यामुळे पाठ सहसा ओबडधोबड आणि बिनसोन्याची असते. पाठही एकसारखी सोनेरी असेल तर तो बहुधा 1840 नंतरचा विजेचा मुलामा. तेवढ्यावरून कपाट नवं ठरत नाही, कारण जुन्या नक्षीलाही नंतर असा मुलामा देत. आणि एकोणिसाव्या शतकातले पॅरिसचे कारागीर हेन्री दासों यांनी केलेल्या जुन्या सामानाच्या प्रतिकृतीसुद्धा फार सुंदर आहेत, किंमत तेवढी वेगळी.

डोळा तयार करायचा असेल तर व्हर्सायच्या राजवाड्यात ओबेन या लाकूड-कारागिराने 1760 मध्ये सुरू केलेलं आणि रीझनेर या दुसऱ्या कारागिराने 1769 मध्ये पूर्ण केलेलं पंधराव्या लुई राजाचं लिहिण्याचं मेज बघा. लंडनला आलात तर वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात रीझनेरचं बरंच काम आहे, प्रवेश मोफत.

तोवर सुती हातमोजे घालून मऊ, कोरड्या ब्रशने फक्त धूळ झाडा. नक्षीचे स्क्रू स्वतः काढू नका, पाठ जाणकारालाच तपासू द्या. आणि संगमरवर उचलायला दोघं तरी लागतील, एकट्याने हात लावू नका.