ऑर्थोच्या (हाडांच्या ऑपरेशनच्या) ट्रेमधले सगळे फोर्सेप्स, म्हणजे चिमटे, सारखेच दिसतात, ओळखायचे कसे? आणि ते गंजतात का?

खानापूरहून बेळगावला ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियनच्या कोर्सला येता म्हणालात, म्हणून कामाचं तेवढंच सांगते. आधी टोक बघा. आर्टरी फोर्सेप्सच्या टोकाला आडव्या बारीक रेघा असतात, तो रक्तवाहिनी चिमटतो. बोन होल्डिंग फोर्सेप्स जाडजूड, जबड्याला खरबरीत दाते. पॉइंटेड रिडक्शन फोर्सेप्सची दोन्ही टोकं अणकुचीदार. धातूची प्लेट बसेपर्यंत हाडाचे मोडलेले तुकडे जुळवून धरायचं काम त्याचं. बोन निबलरचे जबडे खोलगट आणि धारदार, तो हाड कुरतडतो. त्याने तार कधीच कापू नका, धार जाते. सिस्टर घाईत कन्नडमधून मागतील, तेव्हा हात टोक ओळखूनच जायला हवा.

गंजतात, हो. स्टेनलेस म्हणजे अजिबात न गंजणारं असं नाही. सुरुवात बहुतेक फोर्सेप्सच्या दोन पात्या जुळतात त्या सांध्यात होते, कारण रक्त तिथेच सुकून बसतं. ऑपरेशन संपलं की लगेच सांधा उघडून ब्रशने घासा. सलाइनमध्ये भिजत ठेवू नका, मीठ स्टील खातं. बोअरचं पाणी जड असेल तर डाग राहतात, म्हणून शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने.

ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) १२१ अंशावर असो की १३४ वर, फोर्सेप्सच्या मुठीजवळचा अडकवायचा खटका उघडाच हवा. बंद ठेवला तर वाफ दात्यांच्या आत पोचत नाही, शिवाय तापून सांध्याला चीर जाऊ शकते. एवढ्यासाठी तरी ट्रे लावताना प्रत्येक फोर्सेप्स हातात घेऊन बघाच.