सब सँडविचमध्ये नेमकं काय काय घालतात? एवढ्या भाज्या असतात, म्हणजे चांगलंच असणार; मग बर्गरपेक्षा पौष्टिक म्हणून रोज दुपारच्या जेवणाऐवजी खाल्लं तर चालेल का?

रोज खाऊ नका. आठवड्यातून एक-दोनदा खुशाल खा. आणि खाल तेव्हा भाज्या किती पडतात ते नंतर बघा, आधी पाव आणि मांसाच्या चकत्या बघा. ‘एवढ्या भाज्या असतात, म्हणजे चांगलंच असणार’ असं तुम्ही लिहिलंय. मी दोन वर्षं सबच्या काउंटरवर काम केलं, तेव्हा हे वाक्य जवळजवळ रोज कानावर पडायचं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सब म्हणजे सबमरीन. लांबुळका, टोकांना निमुळता पाव पाणबुडीसारखा दिसतो म्हणून हे नाव. अमेरिकेच्या ईशान्य भागात जाऊन वसलेल्या इटालियन लोकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे सँडविच रुळवलं. तिथे या एकाच पदार्थाला गाव बदललं की नाव बदलतं: फिलाडेल्फियात होगी, न्यूयॉर्कमध्ये हीरो, न्यू इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी ग्राइंडर, मेन राज्यात नुसतं ‘इटालियन’. न्यू ऑर्लीन्सचं पो-बॉय (‘पुअर बॉय’, म्हणजे गरीब पोरगा) हे त्याचं चुलत भावंड. १९२९ च्या ट्राम कामगारांच्या संपात मार्टिन बंधूंनी संपकऱ्यांना फुकट सँडविच दिली, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

अस्सल इटालियन सबमध्ये सलामी, मॉर्टाडेला, हॅम किंवा कॅपिकोला अशा प्रक्रिया केलेल्या मांसाच्या पातळ चकत्या असतात. त्यावर प्रोव्होलोनी चीज, टोमॅटो, कांदा, लेट्युस, ओरेगॅनो, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर. यादी साधी आहे, सगळी खुबी रचण्यात आहे. पाव आरपार कापायचा नाही. एका बाजूची कड शाबूत ठेवून पुस्तकासारखा उघडायचा, म्हणजे खाताना मागून सारण निसटत नाही. चीज पावाला लागून ठेवायचं, टोमॅटो त्याच्या आत. नाहीतर टोमॅटोचं पाणी पावात उतरतं आणि दहा मिनिटांत पावाचा लगदा होतो. लेट्युस दोऱ्यासारखं बारीक चिरायचं, कारण तेल-व्हिनेगर त्या बारीक तुकड्यांत धरून राहतं. मोठी पानं घातली तर ते घरंगळून तळाशी जातं. तेल आधी, व्हिनेगर नंतर, हेही मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

बाकी प्रकार पुष्कळ आहेत. टोमॅटो सॉसमधले मीटबॉल आणि वितळलेलं मोझरेला, तव्यावर परतलेल्या बीफच्या पातळ कापांचं चीजस्टेक, भाजलेलं चिकन, टर्की, मेयॉनीजमध्ये कालवलेला ट्यूना, नुसत्या भाज्यांचं. तब्येतीच्या दृष्टीने यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे ‘सब पौष्टिक आहे का’ याचं एकच उत्तर देता येत नाही.

पावापासून सुरुवात करू. सहा इंची सबचा पाव साधारण ८० ग्रॅमचा धरला तर त्यातूनच २०० च्या वर कॅलरी मिळतात. फुटभर घेतलंत की दुप्पट. पाव मऊ राहावा म्हणून त्यात तेल आणि साखर असते. २०२० मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने एका करप्रकरणात सबवे या सँडविच-दुकानांच्या साखळीच्या गरम सँडविचचा पाव त्या कायद्यापुरता ‘पाव’ मानायला नकार दिला. कायद्यात साखरेची मर्यादा पिठाच्या वजनाच्या २ टक्के होती आणि त्या पावात ती १० टक्के निघाली. तपकिरी रंगावरही भुलू नका, रंग कॅरॅमलनेही येतो. घटकांच्या यादीत पहिलं नाव गव्हाच्या अख्ख्या पिठाचं असेल तरच त्या रंगाला अर्थ आहे.

पण माझ्या मते खरी काळजी मिठाची. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सोडियम २,००० मिलिग्रॅमच्या आत. आता सहा इंची इटालियन सब धरा: पावात साधारण ४००, ६० ग्रॅम हॅम-सलामीत ७०० ते ८००, चीजच्या दोन चकत्यांत ३०० च्या आसपास. ऑलिव्ह आणि खारवलेल्या मिरच्या अजून पडायच्याच आहेत, आणि दिवसाचा बहुतेक कोटा संपत आला. काउंटरवर रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेली माणसं मेयॉनीज आवर्जून टाळायची आणि ‘ऑलिव्ह जरा जास्त घाला’ म्हणायची, तेव्हा मला वाईट वाटायचं. ऑलिव्ह मिठाच्या पाण्यात मुरवलेले असतात, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसायचं.

शिवाय सलामी, हॅम यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक गटात घातलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. तुम्ही ‘रोज’ विचारलंत म्हणून हे मुद्दाम सांगते, एखाद्या सबने घाबरायचं कारण नाही. गरोदर बाईने मात्र थंड चकत्यांचं सब खाऊ नये. लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजमध्येही वाढतो, त्यामुळे मांस वाफाळेपर्यंत गरम करून घ्यावं.

सॉसचा हिशेब सोपा आहे. मेयॉनीजचा एक मोठा चमचा म्हणजे ९०-१०० कॅलरी, आणि काउंटरवर बाटली एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दोनदा फिरली की दोन चमचे सहज होतात. मोहरीच्या सॉसमध्ये कॅलरी नगण्य, पण मीठ असतं. ट्यूना मुळात प्रथिनांनी भरलेला, कमी चरबीचा मासा; मेयॉनीजमध्ये कालवला की ते गणित बदलतं.

भाज्यांचं सब सगळ्यात पौष्टिक, हाही समज तपासून बघा. लेट्युस, काकडी, टोमॅटो या तिन्हींत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. चव येते, कुरकुरीतपणा येतो, पण प्रथिनं जवळजवळ नाहीत, त्यामुळे तासा-दोन तासांत परत भूक लागते. त्यात उकडलेलं अंडं, हमस (काबुली चण्यांची दाट चटणी) किंवा काबुली चणे घातले तर ते जेवणाची जागा घेऊ शकतं.

तेव्हा मागताना असं मागा: सहा इंची, अख्ख्या गव्हाचा पाव, साधं भाजलेलं चिकन किंवा अंडं, चीजची एकच चकती, भाज्या हव्या तेवढ्या, खारवलेलं काहीतरी एकच आणि वरून तेल-व्हिनेगर. चिकन साधं आहे की मसाल्याच्या पाण्यात मुरवलेलं, तेही विचारा. मुरवलेल्यात मीठ आलंच. लगेच खाणार नसाल तर टोमॅटो आणि व्हिनेगर वेगळं बांधून घ्या, आम्ही न कुरकुरता द्यायचो.