दोष थ्रॉटल पोझिशन सेन्सरचाच कशावरून?

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी, केबलच्या ॲक्सिलरेटरची जुनी मोटार एकसारख्या मध्यम वेगाने जात असताना मध्येच झटके देते. थांबल्यावर आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वरखाली होते आणि चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागतो. स्कॅनरवर पी०१२१ हा कोड आल्यामुळे मला थ्रॉटल पोझिशन सेन्सर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो बदलण्यापूर्वी खात्री कशी करून घ्यावी?

उत्तर : सेन्सर बदलण्याची घाई करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पी०१२१ या कोडचा अर्थ ‘सेन्सर खराब आहे’ असा होत नाही. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) किती उघडला आहे याबद्दल सेन्सर जे सांगतो, ते इंजिनात प्रत्यक्ष जाणाऱ्या हवेशी जुळत नाही, एवढीच तक्रार इंजिनाचा संगणक या कोडमधून नोंदवतो. इनटेक मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधून) हवा गळत असली किंवा थ्रॉटल बॉडीत (ही झडप बसवलेल्या भागात) काजळी साचलेली असली, तरीही हीच तक्रार उमटू शकते. म्हणून आधी थ्रॉटल बॉडी स्वच्छ करावी आणि हवेच्या नळ्या तपासाव्यात.

तरीही आपण सांगितलेल्या लक्षणांवरून सेन्सरविषयी संशय येणे रास्त आहे. केबलच्या गाड्यांतील बहुतेक सेन्सरांमध्ये कार्बनच्या पट्टीवरून एक संपर्क-पाते सरकते आणि त्याच्या जागेनुसार व्होल्टेज बदलते. गाडी बहुतांश वेळ थ्रॉटल थोडासा उघडा ठेवूनच चालवली जात असल्यामुळे पट्टीचा तेवढाच भाग सर्वांत आधी झिजतो. पाते त्या झिजलेल्या जागेवर आले की व्होल्टेज क्षणभर कोसळते, चालकाने पाय काढला असा संगणकाचा समज होतो, तो इंधन कमी करतो आणि गाडी झटका देते. पूर्ण वेगात किंवा जोरात पिकअप घेताना गाडी सुरळीत चालत असेल आणि त्रास ठरावीक मध्यम वेगालाच होत असेल, तर हे निदान अधिक बळकट होते.

प्रत्यक्ष तपासणीसाठी इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवावे. वायरचे आवरण न टोचता कनेक्टरच्या मागील बाजूने बारीक पिन सरकवून मल्टिमीटर लावावा. तीन वायरींपैकी एकीवर सुमारे ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत आणि अर्थची वायर शून्याच्या अगदी जवळ असली पाहिजे. या दोहोंपैकी एक गोष्ट जरी ठीक नसली, तर सेन्सरला दोष देण्यात अर्थ नाही. बिघाड वायरिंगमध्ये, गंजलेल्या कनेक्टरमध्ये किंवा त्याच ५ व्होल्टच्या वायरवरील दुसऱ्या एखाद्या सेन्सरमध्ये शोधावा लागेल. त्या ठीक असतील, तर सिग्नलच्या वायरवर थ्रॉटल बंद असताना साधारणतः ०.५ ते ०.९ व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.७ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकडेच मात्र अंतिम मानावेत.

खरी कसोटी या दोन टोकांच्या मधल्या भागात आहे. थ्रॉटल अतिशय सावकाश उघडत न्यावा. व्होल्टेज कोठेही न अडखळता चढले पाहिजे. आकडे दाखवणारा मल्टिमीटर क्षणभराची घसरण दाखवेलच असे नाही, त्यामुळे काट्याचा मीटर किंवा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारे उपकरण) मिळाल्यास तोच वापरावा. याच वेळी सेन्सरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचकी मारावी आणि वायरही हलवून पाहावी. वायर हलवल्यावर काटा उडत असेल, तर नवा सेन्सर बसवूनही त्रास तसाच राहील. इंजिन गरम असताना ही तपासणी पुन्हा करावी, कारण काही दोष उष्णतेतच प्रकट होतात.

गाडीला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (केबलऐवजी विजेच्या मोटरने हलणारा) असलेल्या वाचकांनी मात्र इग्निशन चालू असताना झडपेत बोट घालू नये. मोटरच्या जोराने ती अचानक मिटून गंभीर इजा होऊ शकते. तेथे तपासणी पेडल दाबूनच करावी.

वरील तपासणीत वायर न हलवताही सिग्नल मधेच तुटताना दिसला, तर सेन्सर निःशंकपणे बदलावा. त्याच्या स्क्रूंसाठी लांबट खाचा असतील, तर थ्रॉटल बंद असतानाचे व्होल्टेज मॅन्युअलप्रमाणे जुळवूनच स्क्रू आवळावेत. नंतर जुना कोड पुसावा आणि उत्पादकाने सांगितलेली आयडल लर्निंगची (संगणकाला आयडलिंग नव्याने शिकवण्याची) प्रक्रिया पूर्ण करावी. ती राहून गेल्यास नवा सेन्सर निर्दोष असूनही आयडलिंग काही काळ अस्थिर राहू शकते.