राजीनाम्याआधी कागद

चि. मित्रास, आशीर्वाद.

जमिनीच्या ठरावावरून विद्यापीठाच्या अधिसभेचा राजीनामा देतोस म्हणतोस आणि वर चिंतामणराव देशमुखांचा दाखला देतोस. पुढच्याच ओळीत विचारतोस, त्याच वर्षी त्याच सरकारच्या विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद त्यांनी घेतलं, मग राजीनामा नाटकच होतं का? एकदा काय ते ठरव बाबा.

जून १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित राहणार असं नेहरूंनी जाहीर केलं. अर्थमंत्री देशमुख पद सोडून मुकाट घरी बसले नाहीत. जुलैत लोकसभेत उभे राहिले आणि कारणं सांगितली: निर्णय मंत्रिमंडळापुढे आलाच नव्हता, आणि मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी करायला सरकार तयार नव्हतं. हे कामकाजात छापील आहे, जाऊन वाच. म्हणूनच आयोगावर जाताना त्यांना मान खाली घालावी लागली नाही. त्याच वर्षी आयोगाला कायद्याचं बळ मिळालं होतं. विद्यापीठं राज्यांची, पण पैशासाठी डोळे दिल्लीकडे. अशा वेळी पंतप्रधानांना भर सभागृहात सुनावलेला माणूस १९६१ पर्यंत तिथं होता, हे मला तरी विद्यापीठांचं भाग्यच वाटतं.

बाबासाहेबांचं बघ. १९५१ मध्ये हिंदू कोड बिल, म्हणजे हिंदूंच्या विवाह-वारशाचे कायदे सुधारणारं विधेयक, गुंडाळलं गेलं, त्यांनी कायदेमंत्रिपद सोडलं. निवेदनाची प्रत आधी द्या, असं सभागृहात बजावण्यात आलं. ते उठून बाहेर गेले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिलं. सभागृहात नाही तर बाहेर, पण लेखी!

आणि तू? जमिनीच्या ठरावाला हात वर केला नाहीस म्हणे. कुठं लिहिलंय? इतिवृत्तात ‘चर्चेअंती एकमताने मंजूर’ आहे. त्या एकमतात तूही आहेस. पॅनेलप्रमुखांना कॅन्टीनमध्ये काय सुनावलंस ते तिथला वेटर सांगेल, इतिवृत्त नाही सांगणार.

असा विरोध लेखी देत राहिलो, त्यानं माझं काय झालं ते तुला कुणीही सांगेल. प्राचार्यपद हुकलं, ‘भिन्नमतवाले सर’ असं नाव पडलं. चहाला पाठ थोपटणारे सहकारी सभेत छताचा पंखा न्याहाळत बसायचे. एका जुन्या मित्रानं बोलणं टाकलं, ते अजून सलतं. पण पुढे चौकशी लागली तेव्हा हीच मंडळी माझ्या पत्रांच्या झेरॉक्स मागायला घरी आली. दिल्या. खोचकपणे दिल्या, हेही खरं. मला हट्टी म्हणतात त्यांनी एकदा ती फाइल चाळावी.

तेव्हा राजीनाम्याची घाई नको. देशील किंवा न देशील, आधी लिही. पुढच्या सभेत पहिलाच विषय असेल मागील इतिवृत्त कायम करण्याचा. तिथंच उभा राहा, नंतर ‘इतर विषयां’त नव्हे, तोवर निम्मी सभा जेवायला गेलेली असते. त्याआधी कुलसचिवांना पत्र दे: ठराव क्रमांक, तुझा विरोध, दोन कारणं, नोंद घेण्याची विनंती. विशेषणं नकोत. स्वतः आवक-जावक विभागात जा, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नकोस. ‘साहेब आल्यावर देतो’ म्हणतील. बाकावर बसून राहा.

मसुदा मला आधी पाठव. एका पानाच्या वर गेलास तर परत पाठवीन.

तुझा,
सर