टेक्सासात शिकारीसाठी जमीन घेताना
निवृत्तीनंतर तिथेच राहायचं आहे ना, मग हरणांआधी पाणी बघा. हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात, दुष्काळात बोअर आटतात. ऑगस्टमध्ये नळाला काय येतं, ते शेजाऱ्यांनाच विचारा. दुसरं, रस्ता. इथली 90 टक्क्यांहून जास्त जमीन खासगी. माझ्या पहिल्या जागेला स्वतःची वाटच नव्हती. शेजाऱ्याने फाटकाला कुलूप घातलं की आम्ही बंदूक, डबा घेऊन बाहेर उभे. वहिवाटीचा हक्क कागदावर नोंदलेला हवाच. खनिजहक्क आधीच वेगळे विकलेले असतील, तर तुमच्या ओकच्या झाडांजवळ दुसराच कुणी तेलविहीर खणू शकतो. आणि सत्तरीत मचाणावर चढणार आहात, तेव्हा जवळच्या हॉस्पिटलपर्यंत एकदा रात्री गाडी चालवून बघाच.