जुन्या स्टीरिओ रिसीव्हरला पॉवर्ड सबवूफर जोडता येतो का? मागे सब आउट नाहीये

येतो की. रिसीव्हर न उघडता, काहीही सोल्डर न करता येतो. तुम्ही विचारलंय की सब आउट, म्हणजे सबवूफरसाठीचं वेगळं सॉकेट, नाही तर वायर कुठून घ्यायची, रिसीव्हर जळेल का, आणि सब ८ इंची घेऊ की १० इंची. वायरचं आधी सांगतो, कारण त्याच वायरवरून माझं आणि आमच्या दाजींचं जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही.

१९७०च्या दशकातल्या रिसीव्हरला सब आउट नसणारच, बेससाठी वेगळा चॅनल घरांत आला तोच मुळात १९९०च्या दशकात, डॉल्बी डिजिटलबरोबर. पण सबच्या मागे बघा, 'हाय लेव्हल' किंवा 'स्पीकर लेव्हल' असं लिहिलेले इनपुट असतील. रिसीव्हरच्या ज्या टर्मिनलना स्पीकर लावलेत त्याच टर्मिनलवरून डाव्या-उजव्याच्या जादा वायरी काढायच्या आणि तिथे खुपसायच्या. प्लस प्लसला, मायनस मायनसला. स्पीकर आहेत तसेच राहतात. झालं.

आता दाजी. दाजींचं म्हणणं असं की स्पीकरच्या वायरीतून सिग्नल घेणं म्हणजे जुगाड, खरा सिग्नल आरसीएचाच, म्हणजे गोल पिनेच्या ऑडिओ केबलचाच. मी घरी नसताना त्यांनी टेप आउटमधून आरसीए काढून सबला लावली आणि आल्यावर मला ऐकवलं, बघ कसा दणका देतोय. दणका देत होता हे खरंय, पण रात्री मी आवाज कमी केला तर गाणं खाली गेलं आणि सब आपला तितक्याच जोरात धडधडतोय, शेजारच्या खोलीतून बहीण ओरडली तरी धडधडतोय, कारण टेप आउट व्हॉल्यूमच्या आधीच निघतो, तो कॅसेटवर रेकॉर्ड करायला दिलेला असतो, तुम्ही व्हॉल्यूम शून्य केला तरी त्याला पत्ता नसतो. बेसचा नॉब आणि लाउडनेसचं (कमी आवाजात बेस वाढवणारं) बटणही तिथे सहसा पोचत नाही. मग प्रत्येक वेळी उठून सबच्या मागचा नॉब फिरवा.

यावर दाजींचा उपाय काय, तर झाकण काढू आणि व्हॉल्यूमच्या पुढून एक वायर सोल्डर करून बाहेर आणू. मी म्हटलं दाजी, या मशीनला हात लावायचा नाही. अबोला झाला.

मग ते 'स्पीकर बी'वर, म्हणजे स्पीकरच्या दुसऱ्या जोडीच्या टर्मिनलवर आले, तेवढीच काय ती तडजोड. सबच्या वायरी बीला लावल्या, नॉब ए प्लस बीवर फिरवला आणि दोन्ही स्पीकर गप्प! नुसता सब घुमतोय. दाजी लगेच, बघ, जाळलास ना तुझ्या त्या हाय लेव्हलच्या नादात. काही जळलं नव्हतं. काही जुन्या रिसीव्हरमध्ये ए प्लस बी केलं की दोन्ही जोड्या सिरीजमध्ये जातात, म्हणजे करंटला दोन्हींतून जावं लागतं, आणि सबचा इनपुट काही हजार ओहमचा असल्यामुळे ८ ओहमच्या स्पीकरपर्यंत काही उरतच नाही. मी नॉब परत एवर आणला, सबच्या वायरी सोडवून ए टर्मिनलमध्येच स्पीकरच्या वायरींशेजारी घातल्या, आणि सगळं वाजायला लागलं. व्हॉल्यूम खाली, सबही खाली. लाउडनेस दाबलं की सबलाही कळतं. दाजी म्हणाले, मला तर काही फरक वाटत नाही. असो.

तर जळण्याची भीती इथेच संपली. सबमध्ये स्वतःचा ऍम्प असतो, त्याला तुमच्या रिसीव्हरची पॉवर नको, नुसता सिग्नल हवा. ते काही हजार ओहम म्हणजे रिसीव्हरच्या दृष्टीने तिथे काही जोडलेलंच नाही. 'जादा लोड पडेल' म्हणणाऱ्यांनी पॅसिव्ह (स्वतःचा ऍम्प नसलेला) सब आणि पॉवर्ड सब यांत गल्लत केलेली असते.

मागे 'प्री आउट' आणि 'मेन इन' असेल, मधे यू आकाराचे धातूचे जम्पर असतील, तर तिथूनही घेता येतं, तो सिग्नल व्हॉल्यूमच्या नंतरचाच असतो. पण जम्पर नुसते उपटू नका, आवाजच जाईल, वाय केबल (एकाची दोन टोकं करणारी) लावून एक टोक मेन इनला परत द्यावं लागतं. हेही चांगलंच. दाजींना हे माहीत असतं तर बरं झालं असतं, पण आमच्या रिसीव्हरला ते नाहीये.

क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचाच आवाज सब वाजवतो ती सीमा, ६० ते ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, स्पीकर लहान असतील तर थोडा वर. बेस गिटारची सगळ्यात जाडी तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, तेव्हा बेस गिटार ठळक असलेली रेकॉर्ड लावा आणि सबचा आवाज शून्यापासून चढवत न्या, सब वेगळा ऐकू यायला लागला की जरासा मागे घ्या. फेजचं बटण दोन्हीकडे करून बघायचं, बसायच्या जागेवर ज्यात बेस भरीव वाटेल ते ठेवायचं. आरसीएने लावलात तर एलएफई (होम थिएटरच्या बेस चॅनलसाठीचा) लिहिलेल्या इनपुटमध्ये घालू नका, तिथे सबचा क्रॉसओव्हर बायपास होतो.

८ की १०, ते खोलीवर आहे. लहान खोलीत ८ पुरतो.

आणि हो, वायरी जोडताना दोन्हींचा प्लग काढा, वायरची एक केस जरी शेजारच्या टर्मिनलला टेकली तर मात्र खरंच जळेल, तेव्हा टोकं नीट पिळून घाला. हल्लीच्या बऱ्याच सबना फक्त आरसीए इनपुट असतात, तसं असेल तर मधे लाइन आउट कन्व्हर्टर लावा, छोटा डबा असतो, स्पीकरच्या सिग्नलचा आरसीए करून देतो. आणि तुमचा ऍम्प ब्रिज्ड प्रकारचा असेल, म्हणजे ज्याची मायनस टर्मिनल ग्राउंडला नसतात (जुन्या रिसीव्हरमध्ये क्वचित, पण मॅन्युअल बघा), तर डाव्या-उजव्याच्या मायनस एकत्र होता कामा नयेत, आणि बऱ्याच सबमध्ये त्या आतून एकच असतात. तशा वेळी सबच्या मॅन्युअलमध्ये काय दिलंय ते वाचल्याशिवाय जोडू नका.